वाचक विचारतात : बाईची गोष्ट, पण कोणाच्या तोंडून?

प्रश्न : माझ्या कथेतली नायिका नागपुरात चार घरी पोळ्या करते. तिचे संवाद बोलीत लिहिले तर मैत्रिणी म्हणतात, सिनेमातल्यासारखे वाटतात. प्रमाण मराठीत लिहिले तर ती माझ्यासारखीच बोलू लागते. सोबत एक पान पाठवत आहे. – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : मैत्रिणींचा कान पक्का आहे. तुमच्या पानावर 'व्हय', 'न्हाई', 'म्या' आहेत. ही साताऱ्या-कोल्हापूरकडची बोली. ग्रामीण सिनेमाने ती इतकी घरोघर पोचवली की 'गावाकडची बाई' म्हटलं की तीच लेखणीतून उतरते. नागपूरची बाई 'मले', 'तुले', 'कायले', 'माही पोट्टी' म्हणेल. 'करते आहे' ऐवजी 'करून राह्यली' आणि 'मी गेले होते' ऐवजी 'मी गेली होती' म्हणेल. यातली शेवटची दोन वळणं शिकल्या-सवरल्या घरांतही सर्रास ऐकू येतात. त्यामुळे ती फक्त पोळ्यावालीच्या तोंडी घालून मालकिणीला पुणेरी बोलायला लावलंत, तर खोटी ठरते ती मालकीण.

आधी तिचं माहेर ठरवा. अमरावती-अकोल्याकडची असेल तर वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो : डोया, काया. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली असेल तर तोच 'ळ' 'र' होतो : डोरा, कारा. 'पाणी' दोन्हीकडे 'पानी'. एकाच बाईच्या तोंडी 'डोया' आणि 'डोरा' दोन्ही आले की विदर्भातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. तिची नागपुरात वाढलेली मुलगी मात्र यातलं बरंच गाळेल आणि हिंदी मिसळेल. ही हिंदी काही टीव्हीची देणगी नव्हे. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांताची. कचेरीत आणि बाजारात हिंदी तेव्हापासूनची आहे.

बोली किती वापरायची म्हणाल तर एका संवादात दोन-तीन खुणा पुरे : एखादं 'ले', एखादं 'राह्यली', एखादा 'ण'ऐवजी 'न'. प्रत्येक उच्चार कागदावर उतरवला की वाचक आधी अडखळतो, मग हसतो, आणि ते हसू पात्रावर पडतं. शिवाय बाई दिवसभर एकाच पट्टीत बोलत नाही. मालकिणीशी, लेकीशी आणि बँकेच्या खिडकीशी तिचे आवाज वेगळे असतात. तीन प्रसंगांतले तिचे संवाद 'ती म्हणाली' काढून मोठ्याने वाचा. समोर कोण आहे हे कळत नसेल तर तिथे पुन्हा काम करा.

बोलीहूनही मोठी चूक दुसरीच आहे. तुमच्या पानावर तिचा नवरा दारू पितो, सासू छळते, ती रडते. पोळ्या मात्र कुठेच होत नाहीत. किलोभर कणकेच्या तीस-पस्तीस पोळ्या निघतात. ती पाण्याचा अंदाज कसा घेते, उंडे आधी करून ठेवते की एकेक, पैसे पोळीमागे ठरलेत की महिन्याचे, खाड्याचे कापतात का? तिचं डोकं आणि तिचा हिशेब इथे दिसतो. दुःख तेवढं दाखवलं की ती कोणीही बाई होते. निवेदन प्रमाण मराठीत आणि फक्त तिचे संवाद बोलीत ठेवल्याने लेखिका एक पायरी वर उभी राहते, तेही बघा. दोन पानं तिच्याच निवेदनात लिहून पाहा. शेवटी ठेवली नाहीत तरी चालेल.

प्रश्न : दलित स्त्रियांचं लेखन म्हणजे आत्मकथनंच का? कथा-कादंबऱ्या आहेत का, आणि नागपुरात कुठे मिळतील? – एक वाचक, इंदोरा

उत्तर : आत्मकथनं आधी गाजली हे खरं. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१चं, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६चं. पण पुढे अभ्यासक्रमांनी या लेखिकांकडे साक्ष तेवढी मागितली, कल्पना नाही, असं आमचं मत. उर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' आणि प्रज्ञा दया पवार यांचा 'अफवा खरी ठरावी म्हणून' हे कथासंग्रह घ्या. शिल्पा कांबळे यांची 'निळ्या डोळ्यांची मुलगी' ही कादंबरी घ्या. वाचताना 'हे खरंच घडलं का' हा प्रश्न बाजूला ठेवा. निवेदक हीच का, गोष्ट इथेच का थांबली, हे विचारा.

खरेदीसाठी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी गाठा. दुकानांत न दिसणारे छोटे प्रकाशक तिथे भेटतात. मुख्य दिवशी पुस्तक चाळायला जागा मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळी जा. यादी, सुटे पैसे आणि मजबूत पिशवी हवी. आवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशकाचा फोन लिहून घ्या, कारण अशा पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघेलच असं नाही.

प्रश्न : भिशीतल्या बाराजणींनी वाचनगट काढला. तिसऱ्या बैठकीपासून कोणीच वाचून येत नाही. – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : कादंबरी सोडा, कथा घ्या आणि तिथेच मोठ्याने वाचा. चार हजार शब्दांना पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. दोघी-तिघींनी वाटून वाचावं. मग चहा, मग पाऊण तास बोलणं. सगळ्या एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला.

गाडी पंधरा मिनिटांत आपापल्या सासूवर जाते. गोष्ट लागली म्हणूनच जाते, त्यामुळे दटावू नका. 'हे कथेत कुठल्या ओळीवरून आठवलं?' एवढंच विचारा. सुरुवात आपल्या गावातून करायची तर आशा बगे आहेत. त्यांच्या 'भूमी'ला २००६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण ती कादंबरी. गटासाठी त्यांच्या कथा घ्या. पुढच्या खेपेला मुद्दाम वेगळ्या घरातली, वेगळ्या धर्माची लेखिका निवडा. २०२५चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेला बानू मुश्ताक यांचा संग्रह कन्नड मुस्लिम बायकांच्या कथांचा आहे. एका बैठकीला एकच कथा. दोन घेतल्या की दुसरीवर कोणी बोलत नाही.

प्रश्न : दिवाळी अंकाला कथा कधी पाठवावी? – एक वाचक, कामठी

उत्तर : जून-जुलैत. गणपतीनंतर पानं बहुतेक भरलेली असतात. अडीच ते चार हजार शब्द, अप्रकाशित असल्याची एक ओळ, आणि एका वेळी एकाच अंकाला. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली कथा संपादकाच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडते, म्हणून पीडीएफही जोडा.