संशोधन निधीचा अर्ज लिहिण्याआधी दवाखान्याची नोंदवही उघडा

नमस्कार डॉक्टर. भुसावळला तुमचा दवाखाना आहे, उन्हाळा लागला की टिक फीवरची, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची, कुत्री रोज येतात, त्यावर संशोधन करायचं मनात आहे. पण निधी कुणाकडे मागायचा आणि खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्याला तो मिळतो का, असा तुमचा प्रश्न आहे. जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस करता करता मी अशा दोन अर्जांत सहसंशोधक होतो. एक नामंजूर झाला, एक मंजूर. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पहिल्या अर्जात आम्ही सगळंच घातलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे, पाचशे कुत्री, गोचिडांपासून होणारे सगळे आजार. परीक्षकाने विचारलं, पाचशेच का? आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो हिशोब करून काढलेला आकडा नव्हताच. आजाराचं प्रमाण माहीत नसेल तेव्हा ते ५० टक्के धरून हिशोब करतात. ९५ टक्के खात्री हवी आणि ५ टक्के मागेपुढे चालणार असेल, तर साधारण ३८५ नमुने लागतात. ७ टक्के मागेपुढे चालत असेल, तर १९६ पुरतात. म्हणजे पीसीआरचा, रक्तात जंतूचा अंश शोधणाऱ्या तपासणीचा, खर्च जवळपास निम्मा. हे गणित अर्जात दिसलं की परीक्षकाला कळतं, या माणसाने काम डोळ्यांसमोर आणून लिहिलंय.

दुसरा अर्ज माझ्या नोंदवहीतून निघाला. अमळनेर तालुक्यातले एक नाना त्यांचा गावठी कुत्रा घेऊन आले होते. तीन दिवस खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, खूपच कमी. २८ दिवसांचं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिलं, गोळी खाण्यासोबतच द्यायची हेही बजावलं. सातव्या दिवशी फोन केला, तर नाना म्हणाले, "आते खास तो, मंग गोळ्या कसाले?" म्हणजे, आता खातो तो, मग गोळ्या कशाला? तोच कुत्रा पुढे पुन्हा तसाच आला.

त्या रात्री मी वही चाळली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कुत्र्यांच्या नोंदींत हेच दिसत होतं. कुत्रं जेवायला लागलं की औषध बंद, पण एर्लिकिया, म्हणजे या तापाचा जंतू, अंगात टिकून राहतो. शिवाय ही तपकिरी गोचीड दर वेळी रक्त पिऊन झालं की खाली गळते आणि भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या शेडच्या सांध्यांत लपते. नुसत्या कुत्र्यावर औषध मारून काय होणार? मग आम्ही प्रश्न एवढाच ठेवला: किती मालक २८ दिवसांचा कोर्स पुरा करतात, आणि दर आठवड्याला एक फोन केला तर ते प्रमाण वाढतं का? आजार खानदेशात आहे की नाही हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न मला कितीतरी मोलाचा वाटतो. उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात उपयोगी पडतं, आणि कुत्र्याचं दुखणं खरोखर कमी होतं. प्राणिकल्याण या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी हाच आहे.

आता पैशाचं. एकट्याच्या नावाने अर्ज करू नका. जवळपास प्रत्येक ठिकाणी नैतिक मंजुरीचं पत्र मागतात, आणि संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती नोंदणीकृत संस्थेतच असते. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातले प्राध्यापक मुख्य संशोधक आणि तुम्ही सहसंशोधक, ही मांडणी चालते. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, तुमच्याकडे रुग्ण. मालकाचं संमतीपत्र सोप्या मराठीत करा आणि वाचून दाखवा.

मॉरिस अॅनिमल फाउंडेशनसारख्या, १९४८ पासून फक्त प्राण्यांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या परदेशी संस्थेकडे जायचं असेल, तर परदेशी पैशावर नियंत्रण ठेवणारा परकीय योगदान (नियमन) कायदा २०१० आधी समजून घ्या. तो पैसा दवाखान्याच्या चालू खात्यात घ्यायचा नाही. एका संस्थेने घेऊन दुसरीकडे वळता करणंही २०२० च्या दुरुस्तीने बंद झालंय. अर्ज लिहायच्या आधी प्राध्यापकांना सोबत घेऊन त्यांच्या लेखा विभागात जाऊन बसा. सरकारी निधी मागताना माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवायचा मोह होतो. हीच गोचीड माणसाला टिक टायफस हा तापही देते, हे खरं आहे. पण चमूत माणसांचा डॉक्टर नसेल तर त्याचा दावा करू नका.

अंदाजपत्रकात बारीक गोष्टी विसरू नका. मे महिन्यात आमचे चोपड्याचे नमुने एसटीने जळगावला आले. डब्यातला बर्फ वाटेतच वितळला होता. जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या नळ्यांत रक्तपेशी फुटून वरचा द्रव लाल झालेला, प्लेटलेट मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं. त्या अकरा मालकांना पुन्हा बोलवावं लागलं, चार आलेच नाहीत. तेव्हापासून चांगला आईसबॉक्स, जेल पॅक, माणूस पाठवण्याचं भाडं आणि फ्रीजसाठी इन्व्हर्टर हे मी वेगळं लिहितो, आणि रक्ताचा पातळ स्मीअर, म्हणजे काचपट्टीवरचा थर, रक्त काढलेल्या जागीच करून वाळवतो. फोन करणाऱ्या मुलीचं मानधनही धरा. ते काम फुकट करून घेऊ नये.

तुमच्या वहीत मागच्या मार्च ते जूनमध्ये टिक फीवरच्या किती केसेस आहेत आणि त्यातल्या किती पुन्हा आल्या, एवढं मोजून कळवा. नमुन्यांची संख्या मी बसवून देतो.