आतला कोपरा घासताना

भावा, गाडीला रंग मारायच्या आधी हौद्याची, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाची, फळी आणि तळ जिथं मिळतात तो कोपरा बोटांनी घासायचा नाही. बोटाखाली खड्डे पडतात, आणि ते प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात नाही, वर रंगाची चकाकी चढल्यावर दिसतात. मग परत सगळं खरवडायचं!

आधी वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरनं उतरव, पण पत्रा पातळ करू नको. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं लोखंड उघडं कर, थिनरनं पूस. लांबीत, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीत, हार्डनर (ती घट्ट करणारं) साधारण २ टक्केच. जास्त घातलास तर हातातच दगड होतोय, वर रंगातून डाग फुटतात. भरताना पत्र्याची पट्टी नको. जुन्या रबरी पाइपचा तुकडा कोपऱ्यातून एकाच दमात ओढ, गोलाई आपोआप येते.

घासायलाही तीच युक्ती. पाऊण इंची पीव्हीसी पाइपला पेपर गुंडाळायचा, ८०, मग १८०, शेवटी प्रायमरवर ३२०. पाइप सरळ रेषेत नको, थोडा तिरका फिरव. मधूनच काळ्या स्प्रेचा हलका फवारा मार आणि परत घास. काळं जिथं राहिलं तिथं खोलगट आहे, एवढं कळतंय.

आणि आपल्याकडचा पावसाळा! खानापूरकडून सर आली की उघडी लांबी दमट होते, म्हणून ती पाण्यानं घासू नको, कोरडीच. रात्रभर तशीच ठेवायची नाही, प्रायमर मारूनच घरी जा. उसाच्या गाडीचा हौदा असेल तर कोपऱ्यात लांबी पातळच ठेव आणि जोडावर सीलर (फट बंद करायचा लवचिक मसाला) भर. हौदा वाकतोय की, जाड थर तडकणारच.