पाचव्या दिवसापर्यंत थांब

कोल्हापूर

प्रिय मुली,

मोड आलेल्या मटकीतली प्रथिनं वेगळी करून दाखवणारा जेल चालवलास, दोन दिवसांनंतरही प्रथिनांचे पट्टे जसेच्या तसे दिसले, म्हणून प्रयोग फसला असं तू लिहिलंस. फसलेला नाही. मिसळीसाठी आपण फडक्यातली मटकी काढतो ना, तेव्हाही तिच्या दलिकांतला, म्हणजे दाण्याच्या दोन डाळींतला, प्रथिनांचा बहुतेक साठा शाबूत असतो. पहिला मोड फुटायला तो लागतच नाही. अंकुराजवळ स्वतःची थोडी प्रथिनं असतात, आधी ती खर्ची पडतात.

मूग आणि मटकी एकाच विग्ना प्रजातीतले, म्हणून मुगाचंच सांगतो. तिथं साठ्याला खरी ओहोटी लागते ती तिसऱ्या दिवसापासून. हा साठा मुख्यतः ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांचा, पेशींतल्या इवल्या कोठ्यांत भरलेला. तो फोडणारं मुख्य विकर (एन्झाइम) कोरड्या दाण्यात नसतं. भिजल्यावर नव्यानं घडतं आणि पुटिकांतून, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांतून, कोठ्यांत पोचतं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्पील्स यांच्या प्रयोगशाळेनं ते १९७७ साली शुद्ध केलं. त्यांनाच दिसलेली एक गोष्ट मला आजही थक्क करते: साठा फोडण्याचं काम दलिकेतल्या रसवाहिन्यांपासून सर्वांत लांबच्या पेशींत सुरू होतं आणि लाटेसारखं वाहिन्यांकडे सरकतं. जवळच्या पेशी आधी रित्या होऊन मेल्या असत्या, तर लांबचा माल रोपापर्यंत गेला असता कुठून? हा अर्थ माझा, पण तू स्वतः काप घेऊन बघ.

तुटलेल्या तुकड्यांची अमिनो आम्लं होतात आणि त्यांतलं बरंचसं नत्र अ‍ॅस्परजिन या अमिनो आम्लाच्या रूपानं वाढत्या रोपाकडे जातं.

आता बफरचं, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं. तुझ्या वयाचा असताना मी उदासीन पीएचला या विकराचं काम मोजत महिनाभर वहीत शून्य लिहीत होतो. विकर बिचारं शाबूत होतं, चूक माझीच. त्याला आम्ल लागतं, पीएच ५ च्या आसपास. शिवाय ते सिस्टीन-प्रोटिएज, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रथिनं तोडणारं विकर, तेव्हा ते सक्रिय ठेवणारं मर्कॅप्टोइथेनॉल विसरू नकोस.

एकाच पोत्यातली मटकी घे, रोज एकाच वेळी नमुना काढ, सहा दिवस. दलिका आणि अंकुर वेगळे कर, नाहीतर दोन्हींची कहाणी एकात मिसळेल. वाटताना खलबत्ता बर्फात हवा. पाचव्या दिवशी दलिका सुरकुतलेल्या, मऊ दिसतील. कुजल्या समजून टाकू नकोस, त्याच आपल्याला हव्यात.

तुझा,
सर