पावसाळ्यात घरचा कॉम्प्युटर रोज सकाळी निळा पडदा दाखवतो, दोनदा फॉरमॅट मारून झाला तरी तेच. आता काय करू?

तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका, आणि मदरबोर्डही एवढ्यात बदलू नका.

तुम्ही लिहिलंय ते असं: राहता हर्णैला, कोकणच्या समुद्रकाठी, मशीन पाच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेलं, जूनपासून सकाळी चालू केलं की थोड्या वेळात निळा पडदा येतो, दोन-तीनदा पडतं आणि मग दिवसभर सुरळीत चालतं. दर वेळी पडद्यावरचं नाव वेगळं. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. टेक्निशियननं दोनदा विंडोज नव्यानं टाकली आणि आता तो बोर्ड बदला म्हणतोय.

मी वेंगुर्ल्याकडे दुरुस्तीचं काम करतो. जून लागला की असली मशीनं माझ्याकडेही येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातच निम्मं निदान आहे. नावं वेगवेगळी येतात, आणि मशीन तापलं की सुधारतं. ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बिघडला असेल तर मशीन बहुतेक वेळा एकाच नावानं पडतं आणि त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभर विंडोजची मशीनं पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख. विमानतळ असो की बँक, सगळीकडे बिघाड एकच, पडण्याची जागाही एकच. सॉफ्टवेअरचा दोष असा असतो. तुमचं मशीन रोज नवं कारण सांगतंय, म्हणजे ते कारण खरं नाही. खाली कुठेतरी आकडेच चुकीचे पोचताहेत, आणि ते ज्याच्या वाट्याला येतात तो प्रोग्रॅम कोसळतो. अशा वेळी संशय आधी रॅमवर (चालू कामाची माहिती धरणारी पट्टी), मग रॅमच्या स्लॉटवर (ती बसते ती खाच), मग एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा).

आता आपल्याकडचीच गोष्ट. हर्णैसारख्या ठिकाणी वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि कॅबिनेटचा पंखा ते आत ओढत राहतो. उन्हाळ्यात ते लाल धुळीबरोबर गप्प बसून असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसात पाणी सुटतं, तेच तुमच्या बोर्डावर होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, शिवाय धातू खातं. तुमच्या काळातलं मशीन म्हणजे बहुधा डीडीआर ४ रॅम. तिच्या एका पट्टीला २८८ पिना असतात. पिनांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू गंजतो आणि सोन्यावर डाग चढतो. स्लॉटमधल्या स्प्रिंगांचंही तेच. यातल्या एका पिनेनं जरी नीट टेकायचं सोडलं तरी एखादा बिट (शून्य किंवा एकचा आकडा) चुकतो. घरगुती मशीनमध्ये तो बिट पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम नसते, त्यामुळे चूक थेट विंडोजच्या गळ्यात.

मशीन रात्रभर बंद, खोलीत ओल, सकाळी चालू केलं की पडणार. अर्ध्या तासात आतली हवा तापली, ओल उडाली, पिना टेकायला लागल्या, मग दिवसभर काही नाही.

पण घाई नको. जुना एसएमपीएसही अगदी अशीच लक्षणं दाखवतो. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) म्हातारे झाले की थंड असताना नीट काम देत नाहीत आणि तापल्यावर सुधारतात. म्हणून दोघांना वेगळं करावं लागतं.

हात घालण्याआधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, दुपारी, मशीन शहाण्यासारखं वागत असेल तेव्हा. मग विंडोजच्या शोधपट्टीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा आणि 'स्मॉल मेमरी डम्प' निवडा. आता पडदा आला की तो तसाच थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. (नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झालाय. निळा नाही म्हणजे वेगळं काही आहे असं समजू नका.) दर वेळची नोंद सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडम्पमध्ये साठते. नीरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट साधन ती वाचून दाखवतं. तिथं बहुतेक ओळींपुढे 'एनटीओएसकर्नल'चं नाव दिसेल आणि तुम्हाला वाटेल की विंडोजच खराब आहे. तसं नाही. ते विंडोजचं गाभ्याचं फाइलनाव आहे, सगळं शेवटी तिथंच येऊन पडतं. दर वेळी तिसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरचं एकच नाव दिसत असेल, उदाहरणार्थ ग्राफिक्स कार्डाचं किंवा वायफायचं, तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नव्यानं टाका. टेक्निशियननं दोन्ही वेळा एकाच पेनड्राइव्हवरचा जुना ड्रायव्हर टाकला असण्याची शक्यताही धरून चाला.

आणखी एक नोंद बघून ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची वही) 'कर्नल-पॉवर ४१' दिसली आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा क्रमांक) शून्य असला, तर त्या वेळी बहुधा निळा पडदा आलेलाच नसतो. वीजच गेली असेल, एसएमपीएसनं हात टेकले असतील, किंवा मशीन गोठून बंद करावं लागलं असेल.

आता सफाई. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज उतरेल. कॅबिनेट ओटीवर घ्या, घरात लाल धूळ उडवू नका. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, पंख्याची पाती बोटानं धरून. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ जाते आणि आपण ओलच घालवायला निघालोय. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, पट्टी कडांनी धरा.

पट्टीच्या सोनेरी पिनांवर खोडरबर घासायची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ती अगदीच चुकीची नाही, पण दर महिन्याला जोरात घासलं तर मुलामाच जातो आणि मग गंज आणखी लवकर चढतो. माझं मत: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बस्स. डाग हटेचना तर पेन्सिलीचा पांढरा मऊ रबर एकदाच हलका फिरवा आणि कण पुसून पुन्हा अल्कोहोल लावा. शाईचा खरबरीत रबर नको. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. दाराच्या कडीकोयंड्यांना मारतात तो तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो. स्लॉटमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा, पट्टी दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर लावू नका. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांना 'कट' ऐकू आलं पाहिजे. अर्धवट बसलेल्या पट्ट्या मी खूप पाहतो.

पुष्कळदा प्रश्न इथंच मिटतो. तरी तपासल्याशिवाय मिटला म्हणू नका.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं फुकट साधन पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. विंडोजमधली मेमरी डायग्नॉस्टिक चालेल, पण ती वरवरची आहे, तिनं 'ठीक' म्हटलं म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. सिक्युअर बूटमुळे (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारं कुलूप) पेनड्राइव्ह सुरू होत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) ते तात्पुरतं बंद करावं लागेल. त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: ही तपासणी सकाळी, मशीन थंड असताना, पहिल्यांदा चालू करतानाच लावा. लोक संध्याकाळी काम आटोपल्यावर तापलेल्या मशीनवर लावून झोपतात, सकाळी एकही चूक दिसत नाही आणि रॅम निर्दोष सुटते. तुमचा आजार सकाळचा आहे, तो सकाळीच पकडायचा.

एकही लाल ओळ आली तरी ती चूकच. 'चार फेऱ्यांत एकच तर आली' असा हिशेब रॅममध्ये नसतो. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवून चालवा, मग दुसरी. चूक पट्टीबरोबर नव्या स्लॉटमध्ये गेली तर पट्टी खराब. पट्टी बदलूनही त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट खराब, म्हणजे तुमच्या टेक्निशियनचं बोर्डाबद्दलचं म्हणणं निदान काही अंशी बरोबर. पण चारपैकी एक स्लॉट गेला म्हणून लगेच बोर्ड टाकायची गरज नाही, उरलेल्यांवर वर्षानुवर्षं मशीनं चालतात. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर ते आधी बंद करून बघा. रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची ती सोय आहे, आणि कडेला आलेल्या मशीनला ती झेपत नाही.

सकाळी थंडपणी मेमटेस्ट स्वच्छ, तरी विंडोज पडतेच, असं झालं तर एसएमपीएसकडे वळा. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. त्याबाहेर गेली तर निकाल लागला. आत असली तरी निर्दोष म्हणता येत नाही, कारण क्षणभराची लहर त्या आकड्यात दिसत नाही. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा आणि सकाळी चालवून बघा, एवढी खात्रीची चाचणी दुसरी नाही. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज राहू शकते.

त्याच ओघात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. आपल्याकडे जांभ्यात (कोकणातला लाल दगड) खड्डा मारून अर्थिंग करतात, आणि एप्रिल-मेमध्ये तो जांभा कोरडा ठणठणीत होतो. पावसात ठीक दाखवणारं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. गडगडायला लागलं की प्लगबरोबर ब्रॉडबँडची तारही राउटरमधून काढा. तांब्याच्या तारेवरून आलेल्या झटक्यानं यूपीएस जोडलेला असतानाही मशीनं जातात.

डिस्कचं थोडक्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या साधनात 'रीॲलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा वाढताना दिसला तर बाकी सगळं सोडून आधी डेटा काढा. 'यूडीएमए सीआरसी'चा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे आणि साटा केबलचं (डिस्क बोर्डाला जोडणारी तार) टोक गंजलंय. केबल बदला, शंभर-दोनशेत काम होतं. हे सगळं निस्तरल्यावर एकदा 'एसएफसी स्कॅननाऊ' ही विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवा, कारण इतक्या वेळा पडताना विंडोजच्या एक-दोन फायली दुखावल्या असू शकतात. ते आधी चालवून उपयोग नाही. खराब रॅमवर दुरुस्ती केली तर दुरुस्तीही खराब होते.

पुढच्या पावसासाठी मशीन पश्चिमेच्या खिडकीपासून आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, जमिनीपासून वीतभर वर. प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर काढून टाका, खाली ओल कोंडते. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायचा सल्ला मिळेल. पंख्यानं हवा खेळवलेल्या डब्यात त्या पुड्यांचा काही उपयोग नाही, त्या कॅमेऱ्याच्या बंद डब्यात ठेवा.

नवीन घ्यायचं का? पट्टी किंवा एसएमपीएस सापडला तर नाही. विंडोज १० असेल तर मात्र तिचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून मशीन विंडोज ११ घेतं का ते तपासा. त्याचा निळ्या पडद्याशी संबंध नाही, पण पैसे घालण्याआधी माहीत असलेलं बरं. स्लॉट आणि पट्टी दोन्ही गेल्या असतील, वर विंडोज ११ ही चालत नसेल, तर बोर्डावर खर्च करू नका. एसएसडी आणि चांगला एसएमपीएस काढून ठेवा, नव्या मशीनमध्ये लावता येतील.