ऐंशीवं वाक्य

प्रश्न : १८६४ साली पोपने उदारमतवादाचा धिक्कार केला आणि १९६५ साली त्याच चर्चने धर्मस्वातंत्र्य मान्य केलं. मग चर्च उदारमतवादी झालं म्हणायचं, की नाइलाजाने वाकलं?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नाही. पण आधी एक कबुली. १८६४ साली पोप नववे पायस यांनी काढलेली ती ऐंशी चुकांची यादी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा हाती आली, तेव्हा मी सपशेल फसलो होतो. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक सभ्यता यांच्याशी जुळवून घ्यावं, अशा अर्थाचं शेवटचं वाक्य वाचून वाटलं, केवढा पुरोगामी माणूस! यादीतलं प्रत्येक वाक्य म्हणजे त्यांनी झिडकारलेलं मत आहे, हे डोक्यातच शिरलं नव्हतं.

त्या ऐंशीव्या वाक्याचा उगमही तिथेच नोंदलेला आहे : पोपचं १८ मार्च १८६१चं भाषण. इटलीचं राज्य जाहीर झालं १७ मार्चला. आदल्याच दिवशी! पोपच्या ताब्यातला बहुतेक मुलूख तोवर गेला होता, मठ बंद केले जात होते आणि हे करणारे स्वतःला उदारमतवादी म्हणवत होते. घर बळकावणाऱ्यानेच 'जरा काळाबरोबर चला' म्हणावं, तसं ते पोपला लागलं असणार. अर्थात राग तात्त्विकही होता. विवेकस्वातंत्र्यावर त्यांच्या आधीचे पोप सोळावे ग्रेगरी १८३२ मध्येच तुटून पडले होते.

धर्मस्वातंत्र्य मान्य करणाऱ्या १९६५च्या जाहीरनाम्यामागे जेझुइट संघाचे अमेरिकन धर्मगुरू जॉन कोर्टनी मरी यांचे बरेच कष्ट आहेत. त्याआधी दहा वर्षं, याच विषयावर लिहू नका असं वरिष्ठांनी त्यांना सांगितलं, तेव्हा चर्च आणि राज्यसंस्थेवरची सगळी पुस्तकं त्यांनी आपल्या खोलीतून हलवली होती. पुढे तेच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, तज्ज्ञ म्हणून बसले. तिथे जाहीरनाम्यावरचं अखेरचं मतदान : २३०८ विरुद्ध ७०.

आता मुद्दा. श्रद्धा बळजबरीने ठेवता येत नाही, माणसाच्या प्रतिष्ठेला ते शोभत नाही, म्हणून सरकारने त्यात हात घालू नये, असा त्या जाहीरनाम्याचा युक्तिवाद आहे. 'सगळे धर्म सारखेच' असं त्यात कुठेही नाही. चर्चने सरकारचे हात बांधले, सत्यावरचा आपला दावा सोडला नाही. उलट, खऱ्या धर्माबाबत माणसांचं आणि समाजाचं जे कर्तव्य परंपरेने सांगितलं आहे ते अबाधित आहे, असं आरंभीच बजावलंय. कॅथलिक राज्य हवं म्हणणारे आजही नेमकं तिथेच बोट ठेवतात. मला त्यांचा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटतो. पण वाक्य तिथे आहे.