अमेरिकेला शिकायला निघालास? आधी हे ऐक

बीकेसीतली व्हिसाची मुलाखत पार पडली, पेढेही वाटून झाले. आता लोणच्याची बरणी बॅगेत कुठे बसवायची हे आई बघेल, तू हे ऐक.

तिथे प्रोफेसरांचे 'ऑफिस अवर्स' असतात, म्हणजे विद्यार्थ्यांनी येऊन भेटायच्या ठरलेल्या वेळा. आपल्याकडे स्टाफरूमच्या दारात पाय अडखळतात, तिथे मात्र बिनधास्त जा. मी पहिलं सेमिस्टर असंच गप्प बसून घालवलं आणि शिफारसपत्र मागायची वेळ आली तेव्हा मला ओळखणारं कुणीच नव्हतं. रायटिंग सेंटरलाही जा, तिथे लिखाण सुधारायला मदत करतात, वेगळे पैसे पडत नाहीत. मित्राचं जर्नल उतरवून काढायची सवय मात्र कुर्ल्यालाच सोड; संदर्भ न देता उतारा उचललास तर चौकशी लागते.

नोकरीचं गणित पहिल्याच आठवड्यात मांड. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षणानंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, १२ महिने; स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी २४. अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, पण आधी डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची, शिफारस लागते. आणि पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच कोर्सचा भाग म्हणून करायचं काम, १२ महिने केलीस, तर त्या पदवीची ओपीटी हातची गेली! आमच्या एजंटाने हे सांगितलंच नव्हतं.

रेझ्युमे एकाच पानाचा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काढून टाक.

हो, ट्रान्सक्रिप्टच्या दोन प्रती जास्त घेऊन ठेव. नंतर लागल्या तर कलिनाचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाचे, हेलपाटे बाबांना पडतात.