ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये किल्ल्यात पाणी खेळवायचं, पण किल्ला बुडू द्यायचा नाही

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकीय खेळात ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्यांचा, किल्ला खोदून वसवायचा असतो. तुमचा प्रश्न असा आहे: किल्ल्याशेजारून नदी वाहते, तिचं पाणी आत आणून विहीर करायची आहे, दवाखान्याला पाणी हवं आहे, जेवणाच्या दालनात धबधबा हवा आहे आणि दरवाजाबाहेर खंदक. पण नदी फोडली की पाणी वरच्या मजल्यांपर्यंत चढतं आणि सगळं बुडतं. असं का होतं आणि आखणी कुठून सुरू करावी?

सुरुवात उलट्या टोकापासून करा. पाणी आत कुठून येईल हे शेवटी ठरवा. ते थांबेल कुठे आणि बाहेर कुठून जाईल हे आधी ठरवून, खोदून, तपासून ठेवा. या खेळात पाण्यामुळे बुडालेले बहुतेक किल्ले मला नकाशावर एकाच प्रकारचे दिसतात: आत येणारा कालवा नीट खोदलेला असतो, पण निचऱ्याची वाट नसतेच.

किल्ला का बुडतो ते आधी सांगतो. खेळात प्रत्येक टाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या एका चौकोनात, पाण्याची खोली १ ते ७ अशी मोजली जाते. ३ पर्यंत ड्वार्फ आरामात चालत जातात, ४ झाली की ती वाट ते सोडून देतात, आणि ७ म्हणजे टाइल काठोकाठ भरली. नदीचं पाणी दाबानं येतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, तोच प्रकार. तुमची विहीर नदीच्या १० पातळ्या, म्हणजे १० मजले, खाली असेल, तर नदीला थेट जोडलेल्या टाकीतलं पाणी विहिरीच्या तोंडातून उसळून वर येणार. नदीच्या पातळीपर्यंतची जी जागा उघडी सापडेल ती भरत जाणार. बुडण्याचं कारण एवढंच आहे, आणि त्यावरचा उपायही खेळाच्या नियमातच आहे.

दाब तिरका जात नाही. तो समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असा पुढे सरकतो. दोन टाइल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून असतील, तर पाणी त्या फटीतून पलीकडे झिरपतं, पण दाब अलीकडेच राहतो. म्हणून कालवा खोदताना एका ठिकाणी सरळ न जाता तिरकी टाइल खोदा. त्या तिरक्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे खडकाचे कोपरे शाबूत राहिले पाहिजेत. एक जरी कोपरा खोदला गेला तरी पाण्याला सरळ वाट मिळते आणि दाब परत सुरू होतो.

हा तिरका जोड कोणत्या पातळीवर ठेवता याला फार महत्त्व आहे. तो नदीजवळ वर ठेवला आणि तिथून पाणी १० पातळ्या खाली टाकीत पडू दिलं, तर जोडाच्या खाली पाण्याचा नवा स्तंभ उभा राहतो आणि दाब पुन्हा तयार होतो. जोड हवा टाकीच्या सर्वांत वरच्या थराच्या पातळीवर. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग जिथे थांबायला हवा आहे, अगदी त्याच पातळीवर. मग टाकी काठोकाठ भरते आणि तिथेच थांबते. विहीर तिच्या वरच्या मजल्यावर बांधा, बादली साखळीनं खाली जाईल. विहिरीला दगडी ठोकळा, बादली, साखळी किंवा दोर आणि एक मेकॅनिझम, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, लागतं.

आता निचरा. टाकीच्या तळाच्या थरातून एक बोगदा काढा आणि तो नकाशाच्या कडेपर्यंत न्या. कडेची शेवटची टाइल खोदता येत नाही, पण तिथली दगडी भिंत गुळगुळीत करून तिच्यात तटबंदीच्या फटी कोरता येतात. त्या फटींतून पाणी नकाशाबाहेर निघून जातं, कायमचं. कड फार लांब असेल आणि खाली गुहा लागली असेल, तर तिथल्या तळ्यातही पाणी सोडता येतं. पण गुहेला जोडलेली प्रत्येक वाट खालच्या प्राण्यांनाही वर येण्याची वाट असते, म्हणून मी कड पसंत करतो. निचऱ्याचा बोगदा येणाऱ्या कालव्यापेक्षा रुंद असू द्या. तिरक्या जोडातून पाणी एका टाइलच्या वाटेनं येतंय, तर जायला दोन-तीन टाइलची वाट ठेवा. मग येणारी वाट उघडी राहिली तरी टाकी रिकामी करता येते.

दोन्ही टोकांना दारं लागतील. आत येणाऱ्या वाटेवर बहुतेक जण फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवणारं दार, बसवतात. मी तिथे वर उचलला जाणारा पूल बसवायला सांगेन. उचललेला पूल भिंतीसारखं पाणी अडवतो, आणि इमारती मोडणाऱ्या ट्रोलांना तो उचललेल्या स्थितीत मोडता येत नाही. फ्लडगेट ते मोडतात. आत सरकणारा पूल इथे कामाचा नाही, बांधतानाच दिशा निवडून उचलणारा घ्या. फ्लडगेट आणि पूल दोन्हींना लिव्हर (लांबून दार चालवणारा दांडा) ओढल्यावर हलायला थोडा वेळ लागतो, दरवाजा आणि हॅच, म्हणजे जमिनीतल्या भोकावरचं झाकण, मात्र लगेच हलतात. पाणी चढत असताना त्या थोड्या वेळातही बरंच आत येतं. म्हणून निचऱ्याच्या टोकाला हॅच ठेवलं तर उत्तम.

प्रत्येक लिव्हरच्या जोडणीला दोन मेकॅनिझम लागतात, एक लिव्हरला आणि एक दाराला. लिव्हर अशा खोलीत ठेवा जी टाकीपेक्षा वर आहे आणि जिथपर्यंत कोरड्या वाटेनं पोचता येतं. प्रत्येक लिव्हरला नाव द्या. सहा महिन्यांनी किल्ल्यात २० लिव्हर झाले की कोणता कशाचा हे लक्षात राहणं अशक्य असतं.

सगळं कोरडं असतानाच प्रत्येक लिव्हर ओढून पाहा. दार खरोखर हलतं का, उघडतं की उलट बंद होतं, ते डोळ्यांनी बघा. मग एक गोष्ट आठवणीनं करा: खाणकामगार टाकीत ज्या वाटेनं उतरले ती वाट भिंत बांधून बंद करा. पाणी मुख्य कालव्यातून न फुटता या विसरलेल्या जिन्यातून वर आल्याचं फार वेळा दिसतं. बांधलेली भिंत पाणी पूर्णपणे अडवते, नैसर्गिक खडकाइतकीच.

नदी फोडायची ती वरून. बोगदा नदीपर्यंत न्या आणि मध्ये एकच टाइल खडक शिल्लक ठेवा. बोगद्यातले सगळे बाहेर आले की एका खाणकामगाराला काठावर, म्हणजे वरच्या पातळीवर उभं करून ती टाइल वरून चर खोदण्याच्या आज्ञेनं फोडा. तो कोरडा राहतो आणि पाणी त्याच्या पायाखालून बोगद्यात शिरतं. आतून शेवटची टाइल फोडायला माणूस पाठवणं म्हणजे त्याला बुडायला पाठवणं. मला ते कधीच योग्य वाटलं नाही, दुसरा मार्ग इतका सोपा असताना तर नाहीच. फोडून झाल्यावर वरचं भोक फरशी बांधून झाका, नाहीतर ती शत्रूला आत यायची वाट होते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती या खेळाला तंतोतंत लागू पडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या बांधणीबद्दल लिहिताना पाणी आधी पाहायला सांगितलं आहे. शिवाय गडावर झरा आहे म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये असंही बजावलं आहे: लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो, म्हणून राखीव साठ्याची दोन-चार टाकी वेगळी बांधावीत आणि त्यांतलं पाणी एरवी खर्चू नये. खेळात तोफा नाहीत, पण हिवाळा आहे आणि वेढा आहे. थंड प्रदेशात उघड्यावरची नदी गोठते आणि येणारी वाट बंद होते. जमिनीखालची टाकी गोठत नाही. त्यामुळे दवाखान्याची टाकी मुख्य टाकीपासून वेगळी ठेवा, एक झडप मध्ये ठेवून. धबधब्याच्या दुरुस्तीसाठी मुख्य टाकी उपसली तरी जखमींची टाकी भरलेली राहते. ड्वार्फ एरवी दारूवर जगतात, पण अंथरुणावर पडलेल्याला पाणीच पाजावं लागतं आणि जखमा धुवायलाही तेच लागतं. साबण असेल तर जखम चिघळण्याचा धोका खूप कमी होतो. पाण्याची विहीर दवाखान्यातच असली की डॉक्टरांच्या फेऱ्या वाचतात.

नकाशात जलधर थर, म्हणजे पाणी पाझरणारा मातीचा किंवा खडकाचा थर, असेल तर त्याला शाप समजू नका. हलका जलधर थर हळूहळू पाझरतो आणि त्याचं पाणी स्वतःहून वरच्या पातळीवर चढत नाही. त्यात छोटी खोली खोदली की वर्षभर भरलेली, न गोठणारी, दाब नसलेली विहीर मिळते. जिथून पाझर नको ती दगडी भिंत गुळगुळीत केली की पाझर थांबतो. तुमच्या नकाशात असा थर असेल तर दवाखान्यासाठी नदी फोडूच नका.

धबधब्याचं काम माझ्या सर्वांत आवडीचं. पाणी वरून पडताना तुषार उडतात आणि त्यांत सापडलेला ड्वार्फ खूश होतो. म्हणून धबधबा दालनाच्या कोपऱ्यात शोभेसाठी न ठेवता, ज्या वाटेनं सगळे जेवायला येतात तिच्यालगत ठेवा. हा नदीला जोडू नका, त्याचं स्वतंत्र चक्र करा: दालनाच्या जमिनीत जाळी, जाळीखाली छोटी टाकी, त्या टाकीतून स्क्रू पंपांनी पाणी पुन्हा छतावरच्या चरात, तिथून परत खाली. पंप आपल्या पुढच्या बाजूच्या एक पातळी खालच्या टाइलमधून पाणी घेतो आणि मागच्या बाजूला आपल्याच पातळीवर सोडतो. म्हणजे प्रत्येक पातळीला एक पंप.

पंपाला १० शक्ती लागते, दातेरी चाकाला ५, आडव्या-उभ्या दांड्याला टाइलमागे १. नदीवरची एक पाणचक्की १०० शक्ती देते आणि स्वतः १० खाते, उरलेल्या ९० मध्ये असा धबधबा सहज चालतो. एक दातेरी चाक लिव्हरला जोडून ठेवा, लिव्हर ओढला की शक्ती तुटते आणि धबधबा थांबतो.

या चक्रात पाणी किती सोडायचं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि दालनं त्यामुळेच ओली होतात. पंप बंद पडला की वरच्या चरातलं सगळं पाणी खाली येणार. खालच्या टाकीत तेवढी रिकामी जागा हवी. म्हणून टाकी वरच्या चराच्या दुपटीनं मोठी खोदा आणि अर्धीच भरा. कमी खोलीचं पाणी हळूहळू उडून जातं, ते भरून काढायला मुख्य टाकीपासून एक बंद झडप ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट: वाहतं पाणी संगणकावर ताण आणतं. काठोकाठ भरलेली टाकी शांत असते, पण मोठ्या टाकीत १-२ खोलीचं पाणी सारखं इकडून तिकडे हलत राहिलं की खेळाचा वेग जाणवण्याइतका पडतो. धबधब्याची छोटी टाकी सोडली तर बाकी टाक्या पूर्ण भरा, मोठी टाकी अर्धवट ठेवू नका.

खंदकाबद्दल माझं मत वेगळं आहे. पाण्याचा खंदक दिसायला देखणा, पण थंड प्रदेशात हिवाळ्यात तो गोठतो आणि गॉब्लिन, म्हणजे खेळातले शत्रू, बर्फावरून चालत थेट भिंतीशी येतात. कोरडा, दोन पातळ्या खोल खंदक आणि त्यावर उचलता येणारा पूल वर्षभर सारखंच काम देतो. चरात उतार राहतात, तेवढे काढून टाका, नाहीतर शत्रू त्यांवरून वर चढतो. तुमचा नकाशा उष्ण असेल आणि पाण्याचा खंदक हवाच असेल, तर त्यालाही टाकीसारखाच तिरका जोड आणि कडेकडे जाणारा निचरा द्या. खंदक आणि विहिरीची टाकी एकाच कालव्यावर असतील तर मधली झडप वेढ्याच्या काळात बंद ठेवा, कारण पोहणारे प्राणी खंदकातून त्या वाटेनं आत येऊ शकतात.

नकाशाच्या कडेपासून किल्ला किती दूर आहे, जलधर थर आहे का आणि नदी हिवाळ्यात गोठते का, एवढं कळवलंत तर निचऱ्याचा बोगदा कुठून काढावा ते नेमकं सांगता येईल.